साक्षीला जायचंय? मग हे कोर्टातले शब्द आधी समजून घ्या

"मॅडम, माझ्याकडे सगळा पुरावा आहे." धुळे जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात वकिली करताना हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस जात नाही, आणि मग समोरचा माणूस पिशवीतून कागद काढायला लागतो, सातबाराचे उतारे, स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं काहीतरी, सरपंचाचा दाखला, मोबाईलमधले फोटो, आणि म्हणतो हे एकदा साहेबांना दाखवून द्या म्हणजे झालं. बहुतेक वेळा तो माणूस खरंच बोलत असतो. पण कागद दाखवला की पुरावा झाला असं कोर्टात होत नाही आणि हे त्याला कोणी कधी सांगितलेलंच नसतं. साक्री, शिरपूर, शहादा, चोपडा, कुठल्याही कोर्टाच्या आवारात जाऊन उभं राहा, हेच दिसेल. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, कारण साक्ष देऊन बाहेर आल्यावर समजावण्यात काही अर्थ नसतो, तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तर आधी पुरावा. कायद्याच्या भाषेत पुरावा मुख्यतः दोन तऱ्हेचा, एक साक्षीदार कोर्टासमोर शपथेवर जे सांगतो तो तोंडी पुरावा आणि दुसरा दस्तऐवजाचा, ज्यात आता मोबाईल-कॉम्प्युटरमधली माहितीही येते. काठी, कोयता, चोरीची मोटार हा झाला मुद्देमाल, तो कोर्टात आणून साक्षीदाराला दाखवतात आणि विचारतात की हीच ती वस्तू का. आता कागदाचं बघा. तुम्ही दाव्यासोबत कागद जोडला म्हणजे तो फक्त दाखल झाला. तो कोणी लिहिला, सही कोणाची, मूळ कुठे आहे, हे कोणीतरी शपथेवर सांगितलं आणि कोर्टाने मान्य केलं की मग त्याला निशाणी क्रमांक, म्हणजे एक्झिबिट नंबर, पडतो, आणि निशाणी झाल्यावरच तो पुरावा म्हणून वाचायला घेतला जातो. मूळ कागद असेल तर मूळच द्यावा लागतो. झेरॉक्स हा दुय्यम पुरावा, मूळ हरवलंय किंवा समोरच्याच्या ताब्यात आहे आणि तो देत नाही असं काहीतरी कारण दाखवावं लागतं तेव्हाच तो चालतो. सरकारी दप्तरातल्या कागदाची मात्र सही-शिक्क्याची नक्कल चालते, त्यामुळे सब-रजिस्ट्रारकडून, तहसीलमधून नकला काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते.

कायदा बदललाय हेही सांगून टाकते कारण लोक गोंधळतात. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा गेला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला. कलमांचे नंबर बदलले, आत्मा बराचसा तोच आहे. ज्या केसेस त्या तारखेच्या आधीपासून चालू आहेत त्या जुन्याच कायद्याने चालतात, त्यामुळे सध्या एकाच कोर्टात सकाळी जुनं कलम आणि दुपारी नवं कलम असं ऐकायला मिळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द, शाबित. एखादी गोष्ट आहे असं कोर्टाला पटलं, किंवा शहाणा माणूस ती आहे असं धरून चालेल इतकी ती शक्य वाटली, की ती शाबित. ती नाहीच असं पटलं तर ती खोटी ठरली. आणि तिसरं, नाशाबित, म्हणजे हेही पटलं नाही आणि तेही पटलं नाही. गावात या तिसऱ्या गोष्टीचा भयंकर विपर्यास होतो. आरोपी सुटला की लोक म्हणतात फिर्यादीने खोटी केस केली होती. अहो नाही, नाशाबित म्हणजे खोटं नाही, पुरावा कमी पडला एवढंच त्याचं म्हणणं. एखाद्या बाईने नवऱ्याविरुद्ध केस केली, साक्षीदार कोणी आले नाहीत, नवरा सुटला, आणि मग ती बाई आयुष्यभर खोटारडी म्हणून गावात वावरते, हे मी पाहिलंय आणि मला ते अजिबात सहन होत नाही.

किती शाबित करायचं याचं मापही दोन प्रकारचं आहे. जमिनीचा, पैशाचा, वाटणीचा दावा म्हणजे दिवाणी, तिथे कोणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं एवढं बघतात. फौजदारीत मात्र वाजवी संशयापलीकडे गुन्हा शाबित करावा लागतो आणि ती जबाबदारी सरकार पक्षाची, आरोपीने आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायची गरज सहसा नसते. तरी खरा संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो, यालाच संशयाचा फायदा म्हणतात. म्हणून एकाच घटनेत फौजदारी केस सुटते आणि दिवाणीत त्याच माणसाविरुद्ध निकाल लागतो असं होऊ शकतं.

आणि साक्षीदार किती लागतात? कितीही. कायदा आकडा मागतच नाही. एकच माणूस पण विश्वासाचा असेल तर त्याच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, त्यामुळे उगाच भावकीतली दहा नावं लिहून देऊ नका, दहा जण दहा प्रकारे सांगतात आणि त्यातच केस विरघळते.

आता जबाब आणि साक्ष यातला फरक, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. आमच्याकडचे शेतकरी म्हणतात, "पोलिसले सगळं सांगेल शे मी, आते परत काय सांगानं?" त्यांचं बरोबर वाटतं ऐकायला. पण पोलिसांनी तपासात घेतलेला साक्षीदाराचा जबाब हा पुरावा नाहीच. त्यावर तुमची सही घ्यायची नसते आणि ट्रायलमध्ये त्याचा वापर मुख्यतः एवढ्यासाठीच होतो की कोर्टात तुम्ही वेगळं बोललात तर तो तुमच्यासमोर धरून विचारायचं की तेव्हा असं सांगितलं होतं आणि आता असं का. याला विसंगती म्हणतात. आणि महत्त्वाची गोष्ट जबाबात नाहीच पण कोर्टात तुम्ही पहिल्यांदा सांगताय, ते झालं ओमिशन. बचाव पक्षाचे वकील या दोनच गोष्टींवर केस लढवतात म्हटलं तरी चालेल. म्हणून पोलीस जबाब लिहितात तेव्हा तो वाचून दाखवा म्हणा. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला असेल तर त्याचं वजन थोडं वेगळं, पण तरीही कोर्टात येऊन साक्ष द्यावीच लागते.

कोर्टात आलात की आधी शपथ. सिनेमात गीतेवर हात ठेवतात तसं काही नसतं, १९६९ च्या शपथ कायद्यात ईश्वराला स्मरून किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करून खरं सांगेन असं म्हणायचं असतं. बारा वर्षांच्या आतलं मूल असेल आणि त्याला खरं बोलायचं कळतं पण शपथ म्हणजे काय हे कळत नसेल तर शपथेशिवायही त्याची साक्ष घेता येते. मग तुम्हाला ज्या पक्षाने बोलावलं त्यांचे वकील विचारतात ती सरतपासणी, त्यात उत्तर तोंडात घालणारे सूचक प्रश्न विचारायला सहसा परवानगी नसते, म्हणजे "आरोपीनेच मारलं ना?" असं विचारता येत नाही, "काय झालं ते सांगा" असं विचारायचं. दिवाणी दाव्यात ही सरतपासणी हल्ली शपथपत्रावर होते, वकील टाइप करून आणतात आणि लोक न वाचता सही करून मोकळे होतात, आणि मग समोरचा वकील त्यातल्या एकेका वाक्यावर विचारतो तेव्हा माणूस गप्प. त्यानंतर उलटतपासणी, इथे मात्र सूचक प्रश्न चालतात, हो की नाही एवढंच सांगा असं म्हणून माणसाला घाईला आणतात. काही राहून गेलं, खुलासा करायचा असेल तर तुमच्या बाजूचे वकील पुन्हा विचारतात ती फेरतपासणी.

या सगळ्यात एक शब्द असा आहे ज्याने माणसांची आयुष्यं बिघडतात, तो म्हणजे फितूर, आपल्याच बाजूविरुद्ध उलटला असं मानलेला साक्षीदार. काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली मारामारीची केस चालू होती, मी त्या केसमध्ये नव्हते पण माझ्या नंबरची वाट बघत कोर्टात बसलेले होते. एक शेतमजूर बाई साक्षीला आली, बोली तिची पावरी, मराठी तोडकीमोडकी. तिच्या नावावरचा पोलीस जबाब मात्र अगदी शुद्ध मराठीत, "मी आरोपीस काठीने मारहाण करताना प्रत्यक्ष पाहिले" असा. कोर्टात ती म्हणाली की मी निंदत होते, ओरडण्याचा आवाज आला, धावत गेले, तो बांधावर पडलेला होता, डोकं फुटलेलं होतं, आणि ह्याच्या हातात काठी होती. मारताना पाहिलं का? नाही पाहिलं. झालं. सरकारी वकिलांनी साहेबांकडे परवानगी मागितली, परवानगी मिळाली आणि आपल्याच साक्षीदाराची त्यांनी उलटतपासणी घेतली. कायद्यात तेवढंच आहे, की आपण बोलावलेल्या साक्षीदाराला उलटतपासणीत विचारतात तसे प्रश्न विचारायची परवानगी कोर्ट देऊ शकतं, कलमात फितूर हा शब्दसुद्धा नाही. पण संध्याकाळपर्यंत गावात बातमी की बाई फुटली, पैसे घेतले. पुढे तिला कामाला बोलवेनात.

मला इथे ठासून सांगायचंय की साक्षीदार फितूर घोषित झाला म्हणजे त्याची साक्ष पुसली जात नाही. सुप्रीम कोर्टाने १९७६ पासून, भगवान सिंग विरुद्ध हरियाणा राज्य वगैरे निकालांमध्ये, हे सांगितलंय की अशा साक्षीतला जो भाग विश्वास ठेवण्यासारखा आहे तो घेता येतो. त्या केसमध्येही न्यायाधीशांनी तिचं काठीचं आणि पडलेल्या माणसाचं बोलणं मानलं, डॉक्टरांच्या साक्षीशी ते जुळत होतं. म्हणजे त्या बाईने जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं आणि तेवढंच कामाला आलं. खरोखर पैसे घेऊन उलटणारे साक्षीदार असतात, नाही असं नाही, आणि कोर्टात शपथेवर खोटं बोलल्याबद्दल सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण जबाब लिहिणाऱ्याने दोन वाक्यं जास्तीची लिहिली म्हणून त्याची किंमत त्या बाईने का मोजायची?

तिने जे सांगितलं त्याला परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात. मारताना पाहणारा तो प्रत्यक्षदर्शी, आणि आजूबाजूच्या गोष्टींवरून निष्कर्ष काढावा लागतो तो परिस्थितीजन्य. नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावरही शिक्षा होते, जन्मठेपसुद्धा, पण साखळी पूर्ण लागते. महाराष्ट्रातलीच शरद बिरधीचंद सारडा ही केस, १९८४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, त्यात पाच कसोट्या सांगितल्यात, त्यांना पंचशील म्हटलंय, आणि त्यांचा गाभा असा की प्रत्येक कडी पक्की शाबित हवी आणि सगळ्या कड्या मिळून आरोपीच्या अपराधाकडेच बोट दाखवतील, दुसरी कुठली शक्यता उरायला नको. आजही खुनाच्या केसमध्ये हा निकाल वाचल्याशिवाय युक्तिवाद होत नाही.

ऐकीव पुरावा म्हणजे "गावात सगळे म्हणतात", "मला माझ्या मेव्हण्याने सांगितलं". हे कोर्ट साधारणपणे घेत नाही, ज्याने पाहिलं त्यानेच यायचं, ज्याने ऐकलं त्यानेच सांगायचं. याला मोठा अपवाद मृत्यूपूर्व जबाब. माणूस गेला, तो कोर्टात येऊच शकत नाही, म्हणून त्याच्या मृत्यूचं कारण किंवा ज्या प्रसंगातून मृत्यू झाला त्याबद्दल तो जे बोलला ते पुरावा म्हणून घेतात. सुनांच्या जळीत प्रकरणांमध्ये हे फार येतं, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नायब तहसीलदार येऊन लिहून घेतात. खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या १९५८ च्या केसपासून हे पक्कं आहे की तो जबाब विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. पेशंट शुद्धीवर होता असा डॉक्टरचा शेरा नाही म्हणून जबाब फेकून द्यायचा का, यावर २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसमध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितलं की जबाब घेणाऱ्याची खात्री पटली असेल तर शेरा नाही एवढ्यावरून तो बाद होत नाही. आणि असा जबाब मॅजिस्ट्रेटनेच घ्यायचा असंही नाही, आईला, शेजारणीला सांगितलेलंही चालतं, फक्त कोर्ट ते फार काळजीने तपासतं. पेशंट वाचला तर मात्र तो मृत्यूपूर्व जबाब राहत नाही, पेशंटने स्वतः येऊन सांगायचं.

कबुलीजबाबाबद्दल पेपरात रोज येतं, "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली". वाचणाऱ्याला वाटतं केस संपली. पोलिसांना दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध शाबित करताच येत नाही, १८७२ पासून असंच आहे आणि नव्या कायद्यातही कायम ठेवलंय, आणि याचं कारण कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. फक्त एक फट आहे. समजा विहिरीवरची मोटार चोरीला गेली, आपल्याकडे मोटारी आणि केबल किती जातात ते शेतकऱ्यांना विचारा, आणि कोठडीतला आरोपी म्हणाला की "मी मोटार चोरली आणि कडब्याच्या गंजीत लपवली, चला काढून देतो". पंचांसमोर त्याचं निवेदन लिहितात, त्याला मेमोरंडम पंचनामा म्हणतात, मग सगळे गंजीकडे जातात आणि मोटार निघते. आता या वाक्यातलं "गंजीत लपवली, काढून देतो" एवढं पुरावा म्हणून चालतं कारण त्यातून वस्तू सापडली. "मी चोरली" हे शब्द चालत नाहीत. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या केसपासून ही रेघ आखलेली आहे.

आणि पंच म्हणून सही करणाऱ्यांनो, पंचनामा स्वतःहून बोलत नाही, तुम्हाला कोर्टात येऊन तो सांगावा लागतो. जागेवर गेलाच नाहीत आणि पोलीस स्टेशनच्या बाकावर सही केलीत तर पिंजऱ्यात काय सांगणार? आता नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं केलंय, ही मला खरंच चांगली सुधारणा वाटते.

जमिनीचं सांगितल्याशिवाय खान्देशातला वाचक मला सोडणार नाही. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मी मालक, ही समजूत पार खोलवर बसलीय. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्याची आणि प्रमाणित फेरफाराची नोंद खरी आहे असं गृहीत धरतात, पण उलट शाबित होईपर्यंतच. गृहीत धरणं म्हणजे सुरुवात तुमच्या बाजूने, पुढे समोरच्याने पुरावा दिला तर ते गळून पडतं. मालकी येते खरेदीखतातून, वाटणीतून, वारसातून, सातबाऱ्यातून नाही, हे सुप्रीम कोर्टाने कित्येकदा सांगितलंय. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य माणसाच्या ताब्यातून आला तर सही-अक्षर खरं धरता येतं, पण मृत्युपत्राला ती सवलत नाही, तिथे सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी एक तरी, जिवंत असेल तर, कोर्टात यावा लागतो, म्हणून मृत्युपत्रावर साक्षीदार निवडताना वयाने लहान निवडा.

आणि सावकारी. हे लिहिताना मला राग येतो. व्याजाने पैसे घ्यायचे आणि तारण म्हणून चक्क खरेदीखत करून द्यायचं, "पैसे फेडले की परत लिहून देऊ" हे फक्त तोंडी. कायद्याचा नियम असा की व्यवहार लेखी झाला की त्यातल्या अटींच्या विरुद्ध तोंडी पुरावा देता येत नाही. कागद म्हणतो विकली, तुम्ही म्हणता गहाण, कोर्ट आधी कागद वाचणार. सगळे दरवाजे बंद नाहीत, फसवणूक, धाकदपटशा, मोबदलाच दिला नाही, किंवा तो दस्त खरेदी म्हणून करायचाच नव्हता, हे दाखवायला तोंडी पुरावा चालतो, आणि २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, त्यांना असा दस्त अवैध ठरवायचा अधिकार आहे. पण तिथेही ते विचारणार की व्याज दिल्याचं काय आहे. पैसे बँकेतून द्या, फोनवर द्या, काहीतरी खूण राहू द्या.

मोबाईलचं शेवटी घेते. कॉल रेकॉर्डिंग, व्हॉट्सअॅप, व्हिडिओ हे सगळं पुरावा होऊ शकतं, पण पेन ड्राइव्हमध्ये कॉपी करून दिलं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे पक्कं केलं की प्रमाणपत्र सक्तीचं, आणि मूळ उपकरणच मालकाने पिंजऱ्यात येऊन हजर केलं तर मात्र लागत नाही. नव्या कायद्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून कॉम्प्युटरने काढलेला ओळख-आकडा, लिहावी लागते, म्हणजे फाईलमध्ये नंतर बदल झाला की तो लगेच कळतो. त्यामुळे तो फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, फाईलचं नाव बदलू नका, दुसऱ्याला पाठवून आपली डिलीट करू नका.

साक्षीच्या दिवशी प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, मराठी जड जात असेल तर साहेबांना तसं सांगा आणि अहिराणीत, भिलीत, पावरीत बोला, दुभाषा मिळतो. तुमचं बोलून झालं की टाइप केलेली साक्ष वाचून दाखवली पाहिजे, तो तुमचा हक्क आहे, त्यात चुकीचं काही असेल तर सही करायच्या आधी बोला. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, आणि जायला जमत नसेल तर १५१०० नंबरवर फोन करा.